दोन समुद्रांचा सांधा

२१ जून २००९, रविवार

गुरुवारी थर्सडे आयलंडला येऊन पोचलो. शेजारी वेन्सडे आणि फ्रायडे अशीही बेटं आहेत. ज्या कोणी दर्यावर्द्याने ही नावं ठेवली त्याच्याजवळ कॅलेंडरखेरीज दुसरं पुस्तक नसावं. ऑस्ट्रेलियाचा नकाशा वर जिथे टोकदार होऊन संपतो, तिथून न्यू गिनीपर्यंत अशी बेटं विखुरली आहेत. विमान शेजारच्या हॉर्न बेटावर उतरतं आणि मग फेरीने इकडे यायचं. पाणी असं हिरवं-निळं, की कपडे काढून उडी मारावीशी वाटते. फेरीवाल्याने माझा चेहरा वाचला असावा. "क्रॉक्स, मेट," एवढंच म्हणाला. म्हणजे मगरी. म्हणजे हा समुद्र फक्त बघायचा.

इथे का आलो, ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कंटाळा आला की वाचता येईल. मेलबर्नला कुकरीचा डिप्लोमा झाला. आता हॉटेलच्या किचनमध्ये नऊशे तास काम केल्याचा दाखला हवा, तरच पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज. मेलबर्नमधल्या प्रत्येक किचनच्या मागच्या दाराशी माझ्यासारखे दहा-वीस जण उभे असतात. त्यात आपल्या मुलांना मारहाण झाल्याच्या बातम्या. घरी विट्याला दिवसभर टीव्हीवर तेच चालू. माझा जुना रूममेट सारंग आता पीआर होऊन टार्निटला राहतो आणि टॅक्सी चालवतो. त्याच्या टॅक्सीत बसलेल्या एका गिऱ्हाइकाने या हॉटेलचं नाव सांगितलं. इतक्या लांब यायला कोणी तयार नसतं, म्हणून मला काम मिळालं.

दुपारी पोस्टाबाहेरच्या बूथमधून घरी फोन केला. आईला इतका आनंद झाला की मला क्षणभर वाटलं, पीआर मिळालाच. ती तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवत होती. "ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांना अलग करणारी सामुद्रधुनी कोणती?" हा प्रश्न तिने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना घातला आणि पोरं पिढ्यान्‌पिढ्या चुकली. आता तिचा स्वतःचा मुलगा टॉरेसच्या सामुद्रधुनीत कांदे कापतोय.

"एक काम कर," म्हणाली, "एका मुलीनं मला वर्गात विचारलं होतं. पूर्वेकडं कोरल समुद्र, पश्चिमेकडं आराफुरा. ते दोन मिळतात तिथं रेघ दिसते का? मी म्हटलं, बघून सांगते. तू बघून सांग."

"आई, रेघ नकाशात असते. पाण्यात कुठली?"

"बघितलंस का? नाही ना? मग बघ आणि सांग."

तिचा घसा अजून बसलेलाच आहे. फेब्रुवारीपासून बसलाय. शिक्षिकांचा बसतोच म्हणे, निवृत्तीनंतर सगळी थकबाकी वसूल होते.

५ जुलै, रविवार

आज फोन नीलूताईने उचलला. ताईचं सासर गावातच आहे, पण हल्ली ती आमच्याकडेच असते. म्हणाली, आईने चातुर्मासाचं मौन धरलंय. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत बोलणार नाही. तुझा पीआर व्हावा म्हणून.

मी हसलोच. आमच्या आईचा देव म्हणजे भिंतीवरचा जगाचा नकाशा. घरातल्या देवांची पूजासुद्धा बाबा करतात. पण ताई हसली नाही. म्हणाली, माणसं बदलतात हृषी, रिकामपण आलं की असं काहीतरी लागतं. असेलही.

मग ताईने पद्धत सांगितली. फोन आईच्या कानाला लावायचा, मी बोलायचं. आई बांगडी टेबलावर वाजवणार. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. काही विचारायचं असेल तर तिच्या शाळेतल्या पाटीवर लिहिणार, ताई वाचून दाखवणार. मी म्हटलं, ही तर बाबांची तार झाली. बाबा तार ऑफिसात होते, निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालूच असतात, आणि आई ओरडते, "तार बंद करा, भात निवतोय."

किण, असा आवाज आला. हो.

पाटीवर लिहिलं होतं: तिथं बघण्यासारखं जे जे असेल ते बघ आणि दर रविवारी मला सांग. फोटो नकोत, सांग.

२ ऑगस्ट, रविवार

सुट्टी होती, फेरीने हॉर्न बेटावर गेलो. महायुद्धातल्या विमानांचे सांगाडे झाडीत पडलेत. पत्रा गंजून लाल झालाय आणि आतून झाडं आलीत. आसपास वाळवीची वारुळं, माझ्याहून उंच. आईला हे सगळं सांगितलं. वारुळं कशी असतात विचारलं, म्हणून लाल मातीची, घट्ट, लाथ मारली तर आपलाच पाय मोडेल अशी, असं म्हणालो. तुला कसं कळलं, असं ताईने पाटीवरून वाचलं. मी म्हटलं, मारून बघितली. त्यावर बांगड्या किणकिण किणकिण किती वेळ वाजत राहिल्या. आई हसत होती. मौनात हसायला बंदी नसावी.

किचनमध्ये माझा बॉस डेनिस आणि मदतीला आन्टी नॅन्सी. नॅन्सी इथलीच, बेटावरची; सगळं गाव तिला आन्टी म्हणतं, डेनिससुद्धा. मी पहिल्या दिवशी मॅडम म्हणालो तर तिने मला चमच्याने मारलं.

१३ सप्टेंबर, रविवार

आज फोन मिरजेच्या मावशीकडे लावावा लागला. आई-बाबा तिकडे गेलेत, जरा हवापालट म्हणून. मिरजेला हवापालट करायला जाणारी ही पहिलीच माणसं. मावशीच्या आग्रहापुढे कोणाचं चालत नाही म्हणा. ताईचा दीर चंद्रहास तिकडेच नोकरीला आहे, त्याची गाडी मिळते येण्याजाण्याला.

या आठवड्यात दफनभूमी बघितली. शंभर वर्षांपूर्वी मोत्यांचे शिंपले काढायला जपानी पाणबुडे इथे आले होते. शेकडो जण इथेच राहिले, मातीत. खोल बुडी मारून माणूस फार लवकर वर आला की रक्तात हवेचे बुडबुडे होतात आणि मरतो. हळूहळू वर यायचं असतं, वाटेत थांबत थांबत. एवढं सांगून झाल्यावर मला वाटलं, मौनातल्या बाईला हे कशाला सांगितलं? पण आईने पाटीवर विचारलं, त्यांच्या घरच्यांना किती दिवसांनी कळत असेल? मला माहीत नव्हतं. जहाजाने पत्र जायचं, महिने लागत असतील, असं म्हणालो.

एक किण. जरा उशिरा आली.

१८ ऑक्टोबर, रविवार, पाडवा

ताईने मेलवर दिवाळीचा फोटो पाठवला. बाबांना ओवाळताना आई. बारीक झालीये फार. उपास वगैरे करत असणार, विचारलं तर सांगणार नाहीत. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात गळ्याभोवती मफलर! ताई म्हणाली, तिला हल्ली थंडी वाजते. मी म्हटलं, इथे पाठवा, तव्यावर ठेवल्यासारखी गरम होईल.

इथे दिवाळी कोणाला माहीत नाही. तरी मी शंकरपाळे तळले. नॅन्सीने अर्धे खाल्ले आणि उरलेले पदरात बांधावे तसे टी-शर्टच्या टोकात धरून नातवंडांना नेले. बदल्यात वोंगायची वाळलेली फळं दिली. खजूर आणि चिक्कू यांच्या मधली चव. हे फळ खाल्लं की माणूस या बेटावर परत येतोच, असं इथे मानतात. मी म्हटलं, आधी मला इथून जाऊ तर दे.

१ नोव्हेंबर, रविवार

आज भांडलो.

गुरुवारी कार्तिकी झाली. आज आई बोलणार म्हणून मी शिफ्ट बदलून घेतली, बूथमध्ये अर्धा तास आधीच जाऊन उभा राहिलो. ताई म्हणाली, आईने ठरवलंय, तुझे तास पूर्ण होईपर्यंत मौन चालू ठेवायचं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मला पीआर नको, आईचा आवाज हवाय. इथे मला दिवसभर "टू फिश, वन स्टेक" याखेरीज कोणी काही बोलत नाही. हे असलं व्रत कुठल्या पोथीत आहे? स्वतःच्या मुलाशी न बोलणारं? आणि हे सगळं मी आईच्या कानात बोललो, कारण फोन तिच्याच कानाला होता.

पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज आला. मग ताईने वाचलं: चिडलास की छान बोलतोस. रेघ बघितलीस का?

मी म्हटलं, नाही बघितली, वेळ कुठे आहे, आणि फोन ठेवला. खरं तर वेळ होता. इथली टेकडी चढायला कितीसा वेळ लागतो.

मी इतका चिडलो की नंतर मलाच लाज वाटली. पण घरी जायचा विषय काढायचा नाही, हे आमचं ठरलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी मी न विचारता निघून गेलो, एक टर्म बुडाली, व्हिसा जाता जाता राहिला. तेव्हापासून आई म्हणते, आता काम संपल्याशिवाय हलायचं नाही, आकाश कोसळलं तरी.

२२ नोव्हेंबर, रविवार

फ्रायडे बेटावर मोत्यांची शेती आहे, तिथे जाऊन आलो. हॉटेलातल्या पाहुण्यांची बोट होती, जेवणाचे डबे घेऊन मला पाठवलं. आईला सविस्तर सांगितलं. जिवंत शिंपला जरासा उघडून आत एक मणी ठेवतात, जाळीत घालून पुन्हा समुद्रात टांगतात. मग तो शिंपला त्या मण्यावर थरावर थर चढवत बसतो. दोन-दोन वर्षं. दर काही दिवसांनी वर काढून शेवाळ खरवडून परत सोडायचं. काही शिंपले मरतात, काही मणी थुंकून टाकतात. म्हाताऱ्या मालकाने एक मोती तळहातावर ठेवू दिला. गार होता. मी म्हटलं, आई, पीआर झाला की पहिल्या पगारात तुला एक घेऊन येतो.

दोनदा किण. नको.

मग पाटीवर: गार म्हणजे किती गार?

मी म्हटलं, तुझ्या माठातल्या पाण्याइतका.

एक किण. अगदी हळू. ताई म्हणाली, आता ठेवूया, ती दमलीये. बसून ऐकण्यात दमण्यासारखं काय आहे, असं मी म्हणणार होतो, पण ताईने ठेवलाच.

२९ नोव्हेंबर, रविवार

फोन बराच वेळ कोणी उचलला नाही. शेवटी ताई आली. तिचाही घसा बसलाय. सर्दी म्हणाली. आई झोपलीये, बाबा बाहेर गेलेत, पुढच्या रविवारी कर. आमच्या घरात एकाचा घसा सुटला की दुसऱ्याचा बसतो.

हॉटेलात गर्दी. तास भराभर जमतायत.

६ डिसेंबर, रविवार

घरी आज माणसांचा गलका होता. भांड्यांचा आवाज, कोणी तरी पानं वाढा म्हणत होतं. ताई म्हणाली, बाबांच्या ऑफिसातले लोक जेवायला आलेत. काय केलंय, विचारलं. गोडाचं केलंय, म्हणाली. मी म्हटलं, मजा आहे, मी इथे काल उरलेला भात खातोय. तिने नाक ओढलं. सर्दी अजून आहेच.

आईला फोन दिला. बांगडीचा आवाज नव्हता, नुसतं टक. ताई म्हणाली, हात सुजतात म्हणून बांगड्या काढून ठेवल्यात. मी पाऊस सुरू झाल्याचं सांगितलं. इथे आता वारं उलटं फिरलंय, वायव्येकडून येतं. सहा महिने एका बाजूचं वारं, सहा महिने दुसऱ्या. हे आईला आवडेल असं वाटलं होतं. पण पाटीवर आज काहीच नव्हतं.

२० डिसेंबर, रविवार

ग्रीन हिलवरचा किल्ला बघितला, एकदाचा. रशियन येतील या भीतीने इंग्रजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या तोफा वर चढवल्या. रशियन आलेच नाहीत. एकदाही कोणावर तोफ डागली गेली नाही. मी आईला म्हटलं, आपल्या शाळेच्या तोंडाशी बसणाऱ्या शिपायासारखं, आयुष्यभर दारात बसून कोणालाच अडवलं नाही.

वाटलं होतं, यावर हसेल. टक. नुसतं हो. नीट, ठासून, मोजून दिल्यासारखं, आणि शेवटी आणखी दोन-तीन बारीक टकटक, सवयीने होते तशी. आई हल्ली अगदी बाबांसारखी वाजवायला लागलीये. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर तेवढं होणारच.

पण विनोद तिला आवडेनासा झालाय. मौनाचा हा दुष्परिणाम.

२९ डिसेंबर, मंगळवार

काल नॅन्सीच्या नवऱ्याचा दगड उघडला.

हे नीट लिहितो, आईला सांगायचंय. इथे माणूस गेला की पुरतात, पण तिथे दुःख संपत नाही. मग वर्षाने, कधी तीन-चार वर्षांनी, थडग्याचा दगड उभा करतात आणि कापडाने झाकून ठेवतात. सगळे जमले की कापड काढायचं. मग जेवण आणि नाच. नॅन्सीचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा खाणीत कामाला, मुलगी केर्न्सला, धाकटी ब्रिस्बेनला. सगळ्यांना एकदम सुट्टी मिळेना.

दोन दिवस आम्ही रांधत होतो. जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर डुक्कर आणि रताळी भाजली. नारळाच्या दुधात भोपळा शिजवतात, सॉप-सॉप म्हणतात, तो मी केला. त्याला जिऱ्याची फोडणी दिली असती तर आईच्या हातचा लागला असता. सकाळी कापडं काढली, एकावर एक कितीतरी होती. नॅन्सी रडली आणि मग तीच सगळ्यांना जेवायला चला म्हणून ओरडली. संध्याकाळी ढोल.

भांडी घासताना मी तिला विचारलं, "आन्टी, तीन वर्षं झाकून कसं ठेवलंत?"

"का? खाली काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं, बॉय. फक्त सगळे घरी यायचे असतात."

मग म्हणाली, "तुझ्या घरी कसे आहेत?" मी म्हटलं, मस्त. आईचं ते मौन तिला पुन्हा एकदा समजावून सांगितलं. ती ऐकत होती, हातातलं पातेलं कितीतरी वेळ घासत होती. म्हणाली, "फोन कर हं घरी." मी म्हटलं, करतोच की, दर रविवारी.

२४ जानेवारी २०१०, रविवार

सारंग भावाच्या लग्नाला भारतात जाऊन आला. त्याला मी विट्याला घरी जायला सांगितलं होतं, आईसाठी नॅन्सीने दिलेले शिंपल्याचे डूल पाठवले होते. आज फोन केला तर गडी तोडून बोलत होता.

"भेटलास का?"

"हो रे. काकांना भेटलो."

"आई कशी आहे?"

"तू तुझे अवर्स कधी फिनिश करतोयस?"

"पंधरा दिवसांत. आईला डूल आवडले का?"

"ठेवलेत काकांनी नीट. ऐक ना, मला एअरपोर्टची जॉब आलीये. टेक केअर, हां. खरंच, टेक केअर."

पीआर झालेली माणसं अशीच होतात. तोंडावर दार लावतात.

९ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सारंगचा फोन. काल सरकारने पीआरसाठी चालणाऱ्या कामांची यादीच काढून टाकली, ज्यात कुक होता. नवी येणार, पण त्यात कुक नसणार असं सगळे म्हणतायत. डेनिसने मागच्याच आठवड्यात माझ्या दाखल्यावर सही केली होती. "बॅड लक, मेट," म्हणाला आणि एक बिअर पुढे सरकवली.

गंमत म्हणजे मला आधी हलकं वाटलं. म्हटलं, सुटलो. रविवारची वाट न बघता बूथमध्ये गेलो. पहिल्याच रिंगला उचलला गेला, पण कोणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं आईच आहे.

"आई, ऐक. ती यादी गेली. तासांचा आता काही उपयोग नाही. आता मौन सोड. मी घरी येतोय."

काही नाही.

"आई, बोल ना. आता कशासाठी गप्प बसायचं?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हृषी."

"बाबा, आईकडे द्या."

"अरे, मीच आहे."

"हो, पण आई कुठंय?"

"मीच होतो रे. टकटक मीच करत होतो."

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, का, आईचा हात दुखतो का? माझे बाबा आयुष्यात कधी लांब बोलले नाहीत. तारेला शब्दाप्रमाणे पैसे पडायचे, तशी त्यांची सवय. आज बोलले. घशाचा कॅन्सर होता. ऑपरेशन आषाढीच्या दहा दिवस आधी मिरजेत झालं, स्वरयंत्र काढलं. मौनाची युक्ती आईचीच, दवाखान्यात पाटीवर लिहून सांगितलेली. पोराला कळलं तर धावत येईल, तास संपेपर्यंत सांगायचं नाही, अशी तिने दोघांना शपथ घातली. चोवीस नोव्हेंबरला पहाटे गेली.

"अग्नी कोणी दिला?"

"नीलूनं."

"आणि तुम्ही मला ते... तोफांचं सांगू दिलंत?"

"मोत्याचं तिनं ऐकलं," बाबा म्हणाले. "तू म्हणालास ना, माठातल्या पाण्याइतका गार. तिनं मग माठातलं पाणी मागितलं. गिळता येत नव्हतं, नुसतं तळहातावर घेतलं. तोफा माझ्या वाट्याला आल्या. मी चुकलो असेन हृषी. पण रविवार आला की फोन वाजायचा, आणि तू आई म्हणायचास. मला ठेववेना."

मी त्यांच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. फोनकार्ड संपलं आणि लाइन तुटली.

११ फेब्रुवारी, गुरुवार

चोवीस नोव्हेंबरचं पान काढून बघितलं. कोरं आहे. बावीसनंतर एकदम एकोणतीस. त्या आठवड्यात काही घडलं नाही, असं मला वाटलं होतं.

डिसेंबरच्या सहा तारखेला तेरावा होता. मी विचारलं होतं, काय केलंय जेवायला.

नॅन्सीला सांगितलं. तिने मला धरून ठेवलं. मला राग आला होता की हिला कळलं होतं तर बोलली का नाही, पण तिच्या अंगाला धुराचा आणि नारळाचा वास येत होता, आणि मी रडलो. म्हणाली, "आता जा घरी. तुझी वाट बघतायत सगळे." बुधवारचं विमान मिळालंय.

१४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ग्रीन हिलवर गेलो. डिसेंबरात मी इथे तोफा बघितल्या होत्या, पाणी बघितलंच नव्हतं.

पाऊस थांबला होता. तोफेच्या चौथऱ्यावर बसून राहिलो. आधी पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललं होतं, बेटांच्या मधून, नदीसारखं जोरात. नांगरलेल्या बोटींची तोंडं सगळी एका बाजूला. मग हळूहळू ते थांबलं. काही वेळ नुसतं उभं होतं. बोटी कुठल्याही दिशेला तोंड करून राहिल्या, आणि मग एकेक करत फिरल्या, आणि पाणी उलटं जायला लागलं, आराफुराकडचं कोरलकडे. मी डोळे ताणून बघितलं. कुठे हिरवं जास्त, कुठे निळं, ढगाची सावली पडली की काळं. पण इथे एक समुद्र संपला आणि इथे दुसरा लागला, अशी रेघ कुठे नव्हती.

जूनमध्ये तिच्या स्वतःच्या आवाजात मी शेवटचं ऐकलं, ते हेच होतं. बघ आणि सांग. आणि मी आठ महिने ते बघणं पुढे ढकललं.

दुपारी नेहमीच्या वेळेला बूथमध्ये गेलो. बाबांनी लगेच उचलला. मंगळवारच्या ओरडण्याबद्दल मी काही म्हणालो नाही, तेही नाही. बुधवारी निघतोय, एवढं सांगितलं. ते बरं म्हणाले.

"तिची पाटी अजून तशीच आहे," बाबा म्हणाले. "पुसली नाही. तिनं तुझ्यासाठी परत लिहून ठेवलं होतं, तू मोत्याचं सांगितलंस त्या रात्री. पुढच्या रविवारी विचारायचं म्हणून."

"काय लिहिलंय?"

"रेघ दिसते का?"

मला सांगायचं होतं. बोटी कशा फिरल्या ते, पाणी मधेच उभं राहतं ते, सगळं मी टेकडीवरून उतरताना मनात नीट लावून आणलं होतं. तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. बाहेर एक बाई बूथ रिकामा व्हायची वाट बघत उभी होती, तिने तोंड फिरवलं.

"हृषी? आहेस ना?"

मी फोनकार्ड घेतलं आणि रिसीव्हरवर दोनदा वाजवलं.

 पलीकडे टेबलावर एकदा टक झालं.